जखमेचे मोल

लाखनीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावाला बाजार देतो, तसे अपघातही देतो. जखमीला दवाखान्यात पोचविले की आपले कर्तव्य सरले, असे आम्ही मानतो. भरपाई मागायची म्हटली की संकोच वाटतो, जणू दुखण्याचे पैसे करावयाचे आहेत! हा संकोच अनाठायी आहे. भरपाई ही भीक नव्हे. तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये जखमीस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघात परजिल्ह्यात घडला तरी लाखनीकरास भंडाऱ्यास अर्ज करण्याची मोकळीक आहे.

मोल ठरते कसे? उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना आणि पुढील कमाईतील घट यांचा हिशेब होतो. यांतली शेवटची बाब नीट समजून घ्यावी. पाय आखडलेला कारकून टेबलाशी बसून पगार मिळवील. तसाच पाय आखडलेली, धानाच्या बांधीत रोवणी करणारी बाई मात्र पुरा हंगाम गमावते. म्हणूनच अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईतील घटीचे टक्के नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केले.

पण हे सिद्ध करावे लागते. पोलिसांतील फिर्याद, दवाखान्याचे कागद, औषधांच्या पावत्या, मजुरीचा पुरावा जपावा आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. ठोकर देणाऱ्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तरी गंभीर जखमीस ५०,००० रुपये देण्याची तरतूद २०२२ पासून आहे.

तेव्हा शेजाऱ्याला दवाखान्यात नेताना त्याची पहिली पावतीही आम्हीच सांभाळली पाहिजे.