नको असलेल्या कामातून उभी राहिलेली फर्म : स्कॅडनची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मसुदा. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काळा कोट, काखेत फायली, कोर्टाच्या आवारात अशिलाशी हळू आवाजात चाललेलं बोलणं. म्हणजे एक माणूस आणि त्याची सनद. आता अशी कल्पना करा, की हजाराहून जास्त वकील एकाच नावाखाली काम करताहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी कोर्टात कधी युक्तिवादच केलेला नाही. अमेरिकेतल्या मोठ्या लॉ फर्म अशाच असतात. आज त्यांपैकी एकीबद्दल बोलू : स्कॅडन, आर्प्स, स्लेट, मार अँड फ्लॉम. सगळे तिला नुसतं स्कॅडन म्हणतात.

आधी अशी फर्म चालते कशी ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रावाथ नावाच्या वकिलाने एक पद्धत बसवली. चांगल्या लॉ स्कूलमधून पहिल्या नंबरांतली मुलं उचलायची, त्यांना काही वर्षं तयार करायचं, मग त्यातल्या मोजक्यांना भागीदार करायचं आणि उरलेल्यांनी दुसरीकडे वाट शोधायची. ज्युनिअरला पगार मिळतो आणि अशिलाला त्याच्या तासांचं बिल जातं. पगार आणि बिल यांच्यातला फरक भागीदारांच्या खिशात. म्हणून एका भागीदारामागे ज्युनिअर जितके जास्त, तितकी कमाई जास्त. तासाचेही सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडून हिशोब ठेवतात. गणित एवढंच आहे.

पण या पद्धतीत न लिहिलेला एक नियम होता. मुलगा नुसता हुशार असून भागायचं नाही, तो 'आपल्यातला' असावा लागायचा. म्हणजे गोरा, प्रोटेस्टंट, चांगल्या घरातला. ज्यू मुलांना या जुन्या फर्मचे दरवाजे जवळजवळ बंदच होते.

आता जो फ्लॉमकडे येऊ. जन्म १९२३ चा, वाढला ब्रुकलिनमध्ये, गरीब ज्यू कुटुंबात. घरचं पोट कपड्यांच्या धंद्यातल्या कामावर चालायचं. रात्रीच्या कॉलेजात दोन वर्षं काढली, मग सैन्यात गेला. परत आल्यावर पदवी हातात नसताना त्याने हार्वर्ड लॉ स्कूलला अर्ज केला आणि त्यांनी घेतलंही! तिथे तो उत्तम गुणांनी पास झाला. तरीही नोकऱ्यांचा हंगाम संपत आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. बेढब अंग, अवघडलेली वागणूक आणि वर ज्यू. जुन्या फर्मच्या मुलाखतींमध्ये असा मुलगा कुठे बसणार?

तेवढ्यात एका प्राध्यापकाने सांगितलं, की तिघेजण नवी फर्म काढताहेत, बघ जाऊन. मार्शल स्कॅडन, लेस्ली आर्प्स आणि जॉन स्लेट हे ते तिघे. फर्म सुरू झाली १ एप्रिल १९४८ ला. हो, एप्रिल फूलच्या दिवशी! फ्लॉम त्यांचा पहिला नोकर वकील.

नव्या फर्मकडे मोठे अशील नव्हते. दारात येईल ते काम घ्यायचं. आणि दारात काय यायचं? मोठ्या फर्मना जे हात लावण्यालायक वाटत नसे ते. त्यातलं एक काम म्हणजे प्रॉक्सी फाइट. कंपनीच्या संचालक मंडळाला हटवायचं असेल तर भागधारकांची मतं गोळा करावी लागतात. ही मतपत्रं मोजायला दोन्ही बाजूंचे वकील एका खोलीत बसायचे आणि एकेका कागदावर भांडायचे. सही जुळते का, तारीख कुठली, नंतरचं पत्र आलंय का. त्या खोलीला वकील 'सापांचा खड्डा' म्हणायचे. फ्लॉम या खड्ड्यातला उस्ताद झाला.

तुम्ही विचाराल, मोठ्या फर्म हे का करत नव्हत्या? एक कारण प्रतिष्ठेचं. कुणाची कंपनी त्याच्या मर्जीविरुद्ध बळकावणं सभ्य माणसाला शोभत नाही, असं मानलं जायचं. दुसरं कारण जास्त व्यवहारी : त्यांचे अशील म्हणजे जुन्या, स्थिरावलेल्या कंपन्या. उद्या त्यांच्यावरच कुणी चालून गेलं तर? मग अशा हल्लेखोरांच्या बाजूला उभं कसं राहायचं?

पण काळ बदलत होता. १९६८ मध्ये विल्यम्स अ‍ॅक्ट आला. भागधारकांना थेट 'तुमचे शेअर आम्हाला या भावाने विका' अशी ऑफर द्यायची असेल, तर काय जाहीर करायचं आणि किती मुदत द्यायची याचे नियम ठरले. नियम आले की वकिलांना काम आलंच. त्यात सत्तरच्या दशकात शेअर बाजार पडलेला, त्यामुळे चांगल्या कंपन्या स्वस्तात मिळत होत्या.

१९७४ मध्ये खरं वळण आलं. इन्को या कॅनडातल्या निकेल कंपनीने बॅटरी बनवणाऱ्या ईएसबी या फिलाडेल्फियाच्या कंपनीवर झडप घातली. तिच्या पाठीशी होती मॉर्गन स्टॅन्ली, वॉल स्ट्रीटवरची सगळ्यात खानदानी बँक. आणि बँकेने सल्ल्याला बोलावलं कुणाला? फ्लॉमला. भाव २८ डॉलरवरून ४१ पर्यंत चढला आणि इन्को जिंकली. खानदानी बँकच हे करते म्हटल्यावर लाजायचं कुणी? बाकीचे सगळे त्याच वाटेने निघाले, आणि त्या वाटेवर वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस आधीच बसलेला होता.

यानंतरची एक गंमत मला फार आवडते. कंपन्या स्कॅडनला दरवर्षी ठरावीक रक्कम देऊन ठेवू लागल्या. काम असो वा नसो. का? हल्ला झाला तर फ्लॉम आपल्या बाजूला हवा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो समोरच्याच्या बाजूला नको. कारण वकिलाला स्वतःच्या अशिलाविरुद्ध उभं राहता येत नाही. हा वकिली नीतीचा नियम, पण त्याचाच विमा झाला!

त्या काळात फ्लॉमसमोर बहुतेक वेळा मार्टिन लिप्टन असायचा, तोही ज्यू, त्याचीही फर्म नवी. १९८२ मध्ये 'पॉयझन पिल' नावाचा बचावाचा डाव त्यानेच शोधला. पण लिप्टनने आपली फर्म मुद्दाम लहान ठेवली, एकाच कार्यालयाची. स्कॅडनने उलटं केलं. बॉस्टन, वॉशिंग्टन, लॉस एंजलिस, मग टोकियो, लंडन. ऐंशीचं दशक संपताना वकिलांची संख्या हजाराच्या घरात गेली. १९८८ मध्ये आरजेआर नाबिस्कोचा २५ अब्ज डॉलरचा सौदा झाला, त्यात कंपनीच्या संचालकांच्या विशेष समितीचे वकील स्कॅडनचेच होते.

त्याच वर्षी फर्मला ४० वर्षं झाली म्हणून त्यांनी एक फेलोशिप सुरू केली. नुकत्याच पास झालेल्या वकिलांनी दोन वर्षं गरिबांसाठी काम करायचं, पगार फर्म देणार. ती आजही चालू आहे आणि तिचं नाव मोठं आहे. १९९० च्या मंदीत सौदे आटले तेव्हा वकील कमीही करावे लागले. तेव्हा धडा मिळाला, की एकाच पिकावर शेत ठेवू नये. मग दिवाळखोरी, करविषयक कामं, सरकारी चौकशा असं सगळं वाढवलं.

फ्लॉम २०११ मध्ये वारला. गोष्ट इथे संपली असती तर छान गोड झाली असती. पण मार्च २०२५ मध्ये काय झालं ते सांगायलाच हवं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काही लॉ फर्मवर आदेश काढले : सरकारी इमारतींत प्रवेशावर बंधनं, सुरक्षा परवाने काढून घेणं, त्यांच्या अशिलांच्या सरकारी कंत्राटांवर टाच. कारण काय, तर त्यांनी घेतलेले खटले आणि ठेवलेली माणसं. स्कॅडनवर असा आदेश निघालाही नव्हता. त्याआधीच, २८ मार्चला, समझोता जाहीर झाला : प्रशासनाला मान्य असलेल्या कामांसाठी किमान १० कोटी डॉलरची मोफत वकिली. फर्मचं म्हणणं, अशिलांच्या आणि आमच्या माणसांच्या हितासाठी हे केलं.

दुसरीकडे पर्किन्स कुई, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल आणि सुझमन गॉडफ्री या चार फर्म कोर्टात गेल्या. चौघींच्याही बाजूने जिल्हा न्यायालयांनी निकाल दिले आणि आदेश घटनाबाह्य ठरवले.

मग स्कॅडन का झुकली? मला वाटतं, उत्तर तिच्या वाढीतच आहे. ज्या फर्मची कमाई मोठमोठ्या विलीनीकरणांवर आहे, तिच्या अशिलांना पावलोपावली सरकारची मंजुरी लागते. ते घाबरले की दुसऱ्या फर्मकडे जातात. भागीदारही अशील घेऊन शेजारी जाऊ शकतात. १९४८ मध्ये फ्लॉमकडे गमावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो कुणाच्याही बाजूने उभा राहू शकला. २०२५ मध्ये फर्मकडे गमावण्यासारखंच सगळं होतं.

मी त्यांना भेकड म्हणून मोकळा होणार नाही. हजारो लोकांचे पगार डोक्यावर असताना निर्णय घेणं सोपं नसतं. पण वकिलाचं पहिलं भांडवल काय? समोर कितीही मोठा माणूस असो, माझा वकील डगमगणार नाही, हा अशिलाचा भरवसा. कंपन्या वर्षानुवर्षं पैसे भरत होत्या ते याच भरवशासाठी. तो फर्मच्या पुस्तकात कुठे लिहिलेला नसतो, त्यामुळे किती खर्च झाला हेही लगेच कळत नाही.

तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.