कलमाचा खड्डा आणि कातळशिल्प

पावसाळा सरून सड्यावरील गवत वाळले, की रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे स्पष्ट दिसू लागतात. हत्ती, वाघ, मासे, मानवाकृती असे त्यांचे नाना प्रकार आहेत. २०२२ साली कोकणातील अशी नऊ स्थळे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. त्यांपैकी एक गोव्यात आहे.

या चित्रांस चिरेखाणी व रस्ते यांचा धोका आहेच. परंतु शेतकरी बंधूंनी आपल्या बागेचाही विचार करावयास हवा. आंब्याची कलमे दहा मीटर अंतरावर लावल्यास हेक्टरी शंभर खड्डे होतात. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे. एवढ्या आकृतीत एखादा तरी खड्डा पडणारच. सुरुंगाने फुटलेला कातळ पुन्हा सांधत नाही. म्हणून फळबाग लागवडीचा सल्ला देणाऱ्या आम्हां अधिकाऱ्यांवरही ही जबाबदारी येते.

यावर उपाय म्हणजे खड्डे आखण्यापूर्वी सड्याचा संगणकीय नकाशा करणे. त्याची रीत अशी : प्रथम गावातील वृद्ध गुराख्यांस बरोबर घेऊन सडा पायी पाहावा व प्रत्येक चित्राचे अक्षांश-रेखांश टिपावेत. भ्रमणध्वनीवरील नोंदीत काही मीटरांचा फरक पडू शकतो. म्हणून चित्राभोवती मोकळी जागा धरावी. मोठी आकृती जवळून एका दृष्टिक्षेपात येत नाही. तिची छायाचित्रे आवश्यक त्या परवानगीने ड्रोनद्वारे, एकमेकांवर अंशतः येतील अशी घ्यावीत. ती संगणकावर जुळविली म्हणजे मापासहित आराखडा मिळतो.

या आराखड्यावर गटांच्या सीमा, वहाळ, पाणवठे, खाणी व नियोजित बागा यांचे थर चढवावेत. मग कोणता गट मोकळा आहे आणि कोठे लागवड टाळावी, हे स्पष्ट होते. पावसाळी डबकी व सड्यावरील हंगामी वनस्पतीही त्याच नकाशात नोंदविल्या जातात, हा अधिक लाभ.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. छायाचित्रासाठी रेषांत खडू वा रंग भरू नये. तसेच संरक्षणाची व्यवस्था होण्यापूर्वी नव्या चित्राचे नेमके ठिकाण सर्वत्र प्रसिद्ध करू नये.

नकाशा स्वतः कातळाचे रक्षण करीत नाही. ते काम जमीनमालकाचे व ग्रामसभेचे आहे. तरी आपल्या सड्यावर रेषा आढळल्यास पहार लावण्यापूर्वी ग्रामपंचायतीस व कृषी कार्यालयास अवश्य कळवावे. कलम दहा पावले सरकविता येते, चित्र सरकविता येत नाही.