आझाद मैदानावरचा तास

सकाळी पावणेसात, डोंबिवली. फलाटावरच्या स्टॉलवर दोन मराठी आणि एक इंग्रजी पेपर घेते आणि फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात शिरते. पेपर पसरायला जागा नसते, म्हणून घडी घालून एकेक कॉलम वाचायचा. रोज एकच बातमी तिन्हींत शोधते. कुणी मंत्र्याच्या वाक्याने सुरुवात केलेली असते, कुणी आकड्याने, आणि क्वचित कुणी ज्याच्यावर वेळ आली त्या माणसापासून.

साडेनऊ. कुर्ल्याहून बसने विद्यानगरी, कलिना, मुंबई विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग. पहिला तास माध्यम कायद्याचा. आपल्या संविधानात वृत्तपत्र स्वातंत्र्याचं वेगळं कलम नाही. नागरिकाला कलम १९ने दिलेल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यातच ते येतं. म्हणजे पत्रकाराचा हक्क समोरच्या बाईच्या हक्काहून तसूभरही मोठा नाही. वर्गात शिकलेलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढे १८६७चा वृत्तपत्र नोंदणी कायदा आणि त्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून आलेला नवा कायदा. परीक्षेला हे हमखास असतं.

साडेअकरा. संगणक कक्ष. दुपारी आशाताईंच्या, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, आंदोलनावर बातमी करायची आहे, म्हणून त्यांच्या मोबदल्याचे जीआर, म्हणजे शासन निर्णय, उघडते. जीआर वाचायची एक रीत सरांनी लावून दिली आहे. वर ‘वाचा’खाली आधीच्या निर्णयांची यादी असते, तिथून मागे जायचं, प्रस्तावनेत कारण सापडतं, मग रक्कम कधीपासून लागू आणि खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली, ते पाहायचं. शेवटचा संगणक सांकेतांक वहीत उतरवायचा, म्हणजे कागद पुन्हा सापडतो. पत्रकारिता शिकवून येत नाही, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. जीआर वाचायला मी वर्गातच शिकले.

एक वाजता कॅन्टीनमध्ये वडा-उसळ, आणि पुन्हा कुर्ला स्टेशन.

दुपारी अडीच. सीएसएमटीसमोर महापालिकेची इमारत, पलीकडे आझाद मैदान. राज्यभरातली गाऱ्हाणी इथेच येऊन बसतात, कारण मुंबईत आंदोलनासाठी जागा नेमून दिली आहे ती हीच. ताडपत्रीखाली आशाताई बसल्या आहेत, सोबत त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक. चॅनेलवाले बाइट घेऊन निघून गेलेत. मी चपला काढून ताडपत्रीवर बसते.

“कुठल्या गं तू?” माझा प्रश्न यायच्या आधी त्यांचाच येतो. बीडची म्हटल्यावर डबा पुढे सरकतो.

आशांना पगार नसतो, मोबदला मिळतो: काही दरमहा ठरावीक, काही कामागणिक. सरकारच्या लेखी त्या स्वयंसेविका. गरोदर मातेला दवाखान्यात नेलं, बाळाचं लसीकरण झालं, की त्याची नोंद होऊन पैसे. मी जीआरमधली रक्कम वाचून दाखवते. “हे आम्हाला ठाऊक आहे, बाई. खात्यावर कधी पडतं ते विचार,” एक ताई म्हणतात आणि पिशवीतून पासबुक काढतात. आपण लिहायची ती बातमी इथे आहे: कागदावरची तारीख आणि पासबुकातली तारीख यांतल्या अंतरात. जीआर न वाचता आले असते तर ‘घोषणांनी मैदान दणाणले’ एवढंच घेऊन परतले असते. आणि पासबुक न बघता लिहिलं असतं तर बातमीत मोबदला वाढल्याचंच छापलं गेलं असतं. दोन्ही बातम्या खोट्या नाहीत, पण अपुऱ्या आहेत. अपुरी बातमी त्या ताईंना मैदानातून घरी पाठवू शकत नाही.

नाव, गाव, तालुका विचारून घेते आणि लिहिलेलं वाचून दाखवते. नाव छापलं तर त्रास होईल का, हेही विचारते. एक ताई नको म्हणतात. वहीतलं त्यांचं नाव त्यांच्यासमोरच खोडते.

साडेपाच. परत विभागात, सराव अंकाची कॉपी. मर्यादा तीनशे शब्दांची. घोषणा कापल्या, पासबुक ठेवलं.

सात वाजता मॅडम कॉपी परत देतात. समासात एकच शब्द: ‘विभाग?’ आरोग्य विभागाची बाजू नाही. पैसे कुठे अडले? निधी आला नाही, की बिलं पुढे गेली नाहीत? त्यांचं बरोबर आहे. या उत्तराशिवाय दोष नेमका कुणाचा हे वाचकाला कळणार नाही.

रात्री साडेनऊ. खोलीवर भात टाकून प्रश्नांची यादी करते: कुठल्या महिन्याचा निधी कुठल्या तारखेला जिल्ह्याला गेला? तालुक्याहून बिलं कधी आली? मग आरोग्य विभागाला ईमेल. उद्या सकाळी कलिन्याऐवजी थेट सीएसएमटीजवळचं आरोग्य भवन गाठायचं आहे.