बाळगुटीचा परदेशप्रवास

सात महिन्यांच्या बालकासह दुबईच्या सहलीस निघालेले दांपत्य गुटी, मध व बाळंतिणीचे डिंकाचे लाडू बरोबर नेण्याविषयी विचारते, तेव्हा वैद्याने प्रथम लाडवांतील खसखशीची चौकशी करावी. संयुक्त अरब अमिरातीत व सिंगापुरात ती निषिद्ध आहे. अजाणता नेली तरी कारवाई ओढवते. सौदी अरेबियात गुटीच्या डब्यातील जायफळ नेण्यासही मनाई आहे. औषधविक्रेत्यांनी प्रवाशांस नामपत्राविना सुट्या पुड्या देऊच नयेत. मधाचे अनुपान तर घरीही वर्षापर्यंत टाळावे. त्यातील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू अर्भकास घातक ठरू शकतात. आठ दिवस गुटी चुकल्याने काही बिघडत नाही. (आजीबाईंना हे पटविणे अधिक कठीण!) विमान उतरू लागताच मात्र स्तनपान द्यावे, गिळण्याच्या क्रियेने कानांतील दाब समतोल होतो.