विम्याचा कागद वेळेवर वाचावा

स्तनात गाठ हाताला लागली, तर आमच्या भगिनी ती प्रथम कोणाला सांगतात? पुष्कळदा कोणालाच नाही. भीती रोगाची असते तशीच खर्चाचीही. मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, त्यात आपल्या दुखण्याचे ओझे नको, या विचारात मोलाचे महिने निघून जातात. म्हणून आज या पैशाच्या बाजूविषयीच चार शब्द लिहावे असे आम्हास वाटते.

मॉरिशसमध्ये स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. आपल्या सरकारी इस्पितळांत उपचार विनामूल्य होतात, हे आपले भाग्यच. तेव्हा पैसे नाहीत म्हणून तपासणी लांबविण्याचे कारण नाही.

मग विमा कशासाठी? कारण घर केवळ इस्पितळाच्या बिलाने मोडत नाही. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी काही महिने चालू शकते. रेडिओथेरपीसाठी बहुधा कित्येक आठवडे, आठवड्यातून पाच दिवस जावे लागते. पुष्कळजणींना पुढे ५ ते १० वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. जी बहीण शिवणकाम करते किंवा बाजारात भाजी विकते, तिची तेवढ्या दिवसांची कमाई बुडते. सोबत जाणाऱ्या नवऱ्याची रजा, टॅक्सीचे भाडे, मुलांना सांभाळणे, हा खर्च वेगळाच. कोणी मुंबईला परळच्या, १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जाण्याचे ठरविले, तर विमानभाडे व राहण्याचा खर्च आलाच.

येथे विम्याचे दोन प्रकार नीट ओळखावे. वैद्यकीय विमा खाजगी इस्पितळाचे बिल ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरतो. गंभीर आजाराचा विमा मात्र करारात बसणारे निदान झाले की एकरकमी पैसे देतो. ते घरभाडे, कर्जाचा हप्ता, प्रवास कशावरही खर्च करता येतात. घराच्या कर्जासोबत घेतलेला आयुर्विमा बहुधा मृत्यूनंतरच कामी येतो. तो आजारपणातही उपयोगी पडेल अशा समजुतीत राहू नये.

विमा निरोगीपणातच घ्यावा लागतो. गाठ सापडल्यावर धावपळ करून घेतलेल्या विम्याचा त्या आजारासाठी उपयोग होत नाही. विमा घेतल्यानंतरही आरंभीचा प्रतीक्षाकाळ असतो. अगदी प्राथमिक अवस्थेतील कर्करोग काही करारांत वगळलेला असतो, किंवा त्यासाठी रकमेचा थोडाच भाग मिळतो. अर्ज भरताना पूर्वीचे दुखणे किंवा आई-मावशीचा आजार विचारला असेल, तर खरे तेच लिहावे. एजंट "राहू द्या" म्हणाला तरी लपवू नये. त्याच एका ओळीवर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. नोकरीतून मिळालेला सामूहिक विमा नोकरी सुटल्यावर संपतो का, हेही विचारून ठेवावे.

येत्या रविवारी जेवणे झाल्यावर कपाटातला विम्याचा कागद बाहेर काढावा. इंग्रजीचे भय वाटत असेल, तर शिकलेल्या मुलाकडून किंवा सुनेकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. रक्कम किती, कोणता आजार वगळला आहे, प्रतीक्षाकाळ किती आणि हप्ता थकल्यास काय होते, एवढे चार प्रश्न पुरेत. आणि हा कागद घरातील बायकांनाही ठाऊक असावा.

विम्याने रोग बरा होत नाही. परंतु घर चालेल एवढी खात्री असली, तर गाठ लपविणारी बहीण त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाईल. आमच्या मते विम्याचा खरा लाभ हाच होय.