बरसीम, लसूणघास आणि मुळांची कीड

घोटावडे गावच्या भातखाचरांत, कापणीनंतर पाण्याची तजवीज असल्यास, रब्बीत घेता येणारे बरसीम हे क्लोव्हर वंशातील वैरणपीक १९०४ साली मिसर देशातून सिंध प्रांती आले, तर लसूणघास या दुसऱ्या वैरणपिकाचा ‘आर. एल. ८८’ हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा.

सूत्रकृमी या पिकांच्या मुळांत शिरून अन्नरस शोषतात, भुंगेऱ्याच्या अळ्या मुळांवरील नत्रगाठी पोखरतात; म्हणून पैदासकार बाधित मातीत असंख्य रोपे वाढवून, जी तगतील तेवढ्यांचाच परस्पर संकर करवितात आणि हा क्रम अनेक पिढ्या चालवितात. अमेरिकेत १९५४ साली प्रसृत झालेला ‘लाहोंटन’ हा लसूणघास खोडातील सूत्रकृमीस प्रतिकारक होता.

मात्र एका किडीस दाद न देणारा वाण दुसरीस बळी पडू शकतो. सबब पिकांची फेरपालट चुकवू नये.