‘रिटर्न’ नसलेल्या भाषेत फंक्शनमधून मध्येच बाहेर कसं पडायचं?

सी, जावा किंवा पायथनमध्ये फंक्शन अर्ध्यात सोडायचं असेल तर ‘रिटर्न’ लिहिलं की काम झालं. एमआयटीत १९७५ साली गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनी घडवलेल्या स्कीम भाषेत ही सोयच नाही. तिथे त्याहून मोठं हत्यार आहे: ‘कॉल विथ करंट कंटिन्युएशन’, थोडक्यात कॉल-सीसी.

कंटिन्युएशन म्हणजे या क्षणापासून पुढे प्रोग्रामचं जे काम उरलंय ते सगळं. कॉल-सीसी ते एका फंक्शनच्या रूपात हाती देतं.

समजा, ७, ३, ०, ८ या यादीचा रिकर्शनने गुणाकार करायचा आहे. शून्य दिसताच उत्तर ठरलं. गुणाकार सुरू करण्याआधीच कॉल-सीसीने घेतलेलं कंटिन्युएशन तिथेच शून्य देऊन कॉल केलं, की ८ कडे न बघता, खोळंबलेला एकही गुणाकार न करता प्रोग्राम थेट बाहेर येतो.

खरी गंमत पुढेच आहे! हे कंटिन्युएशन जपून ठेवता येतं आणि नंतर पुन्हा कॉल करता येतं. जनरेटर, कोरुटीन, बॅकट्रॅकिंग हे सगळं त्यातूनच रचता येतं.

नुसतं बाहेरच पडायचं असेल, तर स्कीमच्याच घराण्यातली रॅकेट भाषा ‘लेट-ईसी’ देते. रॅकेट मोफत आहे. वरचं उदाहरण त्यात नक्की चालवून बघा.